कमाटीबाग, एक फोटो आणि आठ रविवार

१९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मोबाईलवर ईमेल आली. एका हौशी फोटोग्राफर मंडळाच्या प्रदर्शनाला चार फोटो पाठवले होते, चारही नापसंत. प्रत्येकापुढे परीक्षकांचा एकेक शेरा होता आणि चारही शेऱ्यांचा अर्थ एकच: नेमकं काय पाहायचं ते कळत नाही. प्रवेशफीचे चारशे रुपये गेले त्याचं एवढं वाटलं नाही. शेरे वाचून फोटो पुन्हा उघडले आणि मलाही कळेना, याचं जास्त लागलं.

चारही फोटो बडोद्याच्या कमाटीबागेतले. कागदोपत्री ती सयाजीबाग, महाराज सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेली. पण दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तिला सयाजीबाग म्हणणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. लहानपणी मी तिथे हरवले आहे, फुलांच्या घड्याळापाशी रडताना सापडले आहे, आणि पुढे 'मुलामुलीला जरा बोलू द्या' म्हणून आम्हा दोघांना मोठ्यांनी सोडलं तेही त्याच बागेत. फोटोत मला हे सगळं दिसत होतं. परीक्षकांना दिसलं ते एक घड्याळ, त्यामागे फुगेवाला, डावीकडे अर्धी कापलेली कचराकुंडी आणि वर भरपूर पांढरं आकाश.

मंडळाचं पुढचं प्रदर्शन फेब्रुवारीत होतं, प्रवेशिकेची शेवटची तारीख ३१ जानेवारी. ठरवलं, या वेळी एकच फोटो पाठवायचा आणि तोही याच बागेतला. त्याला आठ रविवार लागले. फोटोची रचना कशी करायची हे शोधलं की नियमांच्या याद्या सापडतात, आणि बागेत उभं राहिल्यावर त्यातला एकही वेळेवर आठवत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. इथल्या फाइन आर्ट्समध्ये चित्रकला शिकले, मग आयुष्यभर कापडांची डिझाइनं काढली. मी चारही फोटो छापून त्यांच्यासमोर ठेवले. छपाई प्रत्येकी पंधरा रुपये. मोबाईलवर का नाही दाखवले? कारण काका मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करकरून एकेक फूल बघतात आणि मूळ प्रश्न राहून जातो.

"हा कशाचा फोटो?"

"बागेचा."

"बाग एकशे तेरा एकर आहे. सगळी घातलीस की काय?"

मग त्यांनी चष्मा काढला, डोळे किलकिले केले आणि फोटो हातभर लांब धरला. असं केलं की बारीकसारीक पुसलं जातं आणि उरतात ते फक्त काळे-पांढरे ढिगारे. माझ्या फोटोत ढिगारा एकच होता, पांढऱ्या आकाशाचा, आणि तो सगळ्यात वर.

"मला एक वाक्य सांग," ते म्हणाले. "फोटोचं वाक्य. त्यात क्रियापद पाहिजे, आणि 'आहे' चालणार नाही."

घड्याळ आहे. झाड आहे. तळ्यापाशी माणसं आहेत. माझी चारही वाक्यं 'आहे'वर येऊन थांबली. तो दिवस मी जरा रुसूनच घालवला. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात हातात घेऊन चालता येईल असं मला काही मिळालं असेल तर ते हे क्रियापद.

७ डिसेंबर, पहिला रविवार. कॅमेरा घरी ठेवून गेले. ही काकांची अट. सोबत फक्त एका जाड लग्नपत्रिकेत कापलेली ६ सेंटिमीटर बाय ४ सेंटिमीटरची खिडकी. हे जरूर करून बघा, खर्च शून्य. माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीचं प्रमाणही ३ ला २ आहे, त्यामुळे खिडकीतून दिसतं तसंच पुढे फोटोत येतं. माझा कॅमेरा जुना, साडेअठरा हजारांना सेकंडहँड घेतलेला, दीडपट क्रॉपवाल्या, म्हणजे लहान सेन्सरचा, वर १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद). हिशेब करून पाहिलं तर खिडकी डोळ्यापासून साडेचार सेंटिमीटरवर धरली की १८ मिलिमीटरची चौकट दिसते, नऊवर ३५ची आणि चौदाच्या जरा अलीकडे ५५ची. मी पत्रिकेला दोरा बांधून त्यावर तीन गाठी मारल्या. दोरा दातात धरून एक डोळा मिटून उभी असलेली बाई बघून सकाळी फिरायला आलेले लोक वळून बघत होते. एका आजोबांनी "बेन, डोळा दुखतो का?" म्हणून विचारलंसुद्धा.

त्या दोन तासांत एक गोष्ट कळली, ती कॅमेरा हातात असताना कधीच कळली नव्हती. झूम करणं आणि पुढे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकी लांब-जवळ केली की दृश्य फक्त कमी-जास्त कापलं जातं. वडाचं खोड आणि मागचं बाक यांचं एकमेकांशी नातं तसंच राहतं. दहा पावलं पुढे गेलं की मात्र खोड फुगतं, त्याच्यापुढे बाक आक्रसतं, एरवी दिसणारा माणूस खोडाआड जातो. म्हणजे आधी पाय कुठे ठेवायचे ते ठरवायचं, लेन्स नंतर. मी आजवर बरोबर उलटं करत होते: जिथे उभी असेन तिथूनच लेन्स फिरवायची.

१४ डिसेंबरला कॅमेरा नेला आणि २१२ फोटो काढून आले. सगळे टाकाऊ. स्क्रीनवर नऊ चौकोनांची जाळी लावली होती आणि प्रत्येक वेळी झाड नेमकं एकतृतीयांशावर बसवलं होतं. हा तृतीयांशाचा नियम जुना. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली तो लिहून ठेवला. काकांनी दहा-बारा फोटो पाहिले आणि म्हणाले, "पाहुण्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते ठरवलंस. पाहुणा कुठाय?"

२१ डिसेंबर. थंडी बरी होती. या दिवसांत बडोद्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि झाडांमधून जमिनीपर्यंत यायला आणखी पंधरावीस मिनिटं घेतो. विश्वामित्री नदीच्या बाजूला एक मातीची आडवाट आहे, तिकडे वर्दळ कमी. तिथे एक सफाईवाली बाई खराट्याने झाडत होती. मी तिचा फोटो काढायला गेलेच नव्हते; बाकावर बसून बूट बांधणाऱ्या एका गृहस्थांच्या मागावर होते. ऊन आडवं आलं आणि तिच्या पुढ्यातली माती एकदम दिसायला लागली.

खराट्याचा एक फटकारा म्हणजे मातीत उमटलेली अर्धी कमान, फणी फिरवल्यासारख्या शेकडो बारीक रेघांची. दुसरा फटकारा उलट्या बाजूने, पहिल्याच्या टोकावर चढलेला. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. बाई मागे मागे सरकत झाडत होती, त्यामुळे झाडलेल्या भागावर तिची स्वतःची पावलंही नव्हती. तिच्यापासून माझ्यापर्यंत नुसत्या कमानी, घराच्या कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या. तिरप्या उन्हामुळे प्रत्येक रेघेच्या एका अंगाला केसाएवढी सावली. आणि तिच्या पाठीमागे अजून न झाडलेला वडाचा पाचोळा.

मी कॅमेरा उचलेपर्यंत ट्रॅकसूटमधले तिघे त्यावरून बोलत बोलत निघून गेले.

तरी घरी येऊन काकांना वाक्य सांगितलं: बाई वाट झाडत मागे सरकते. काका म्हणाले, "दोन क्रियापदं झाली. चालेल. एकाच जिवाची आहेत."

२५ डिसेंबरला सुट्टी म्हणून गेले, तर बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. सेव-उसळ खाऊन परत आले. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका.

२८ तारखेला मी आधी कॅमेरा पिशवीत ठेवूनच तिच्याशी बोलले. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. बिबट्याचा फोटो काढणारे लोक बिबट्याचं वेळापत्रक शोधतात. आणि इथे माणूस समोर उभा, तोंडाने सांगू शकणारा, तरी मी लपूनछपून टिपायला बघत होते. तिने सांगितलं, रविवारी ती वडाच्या बाजूने सुरू करते, आडवाटेवर साडेसातच्या आसपास पोचते, इतर दिवशी उलट. फोटोला तिची ना नव्हती. फक्त विचारलं, "छापामां आवशे?" मी म्हटलं, पेपरमध्ये नाही, प्रदर्शनात, तेही नक्की नाही. त्यावर ती हसली. नक्की नसलेल्या गोष्टीसाठी ही बाई थंडीची कशाला येते, असं काहीतरी त्या हसण्यात होतं.

४ जानेवारीचा सगळा वेळ उंचीत गेला. जिथे तिथे वाचलं होतं, खाली बसा, जमिनीलगत कॅमेरा धरा, फोटो उठावदार होतो. मी उकिडवी बसले आणि दोन्ही गोष्टी बिघडल्या. जमिनीलगतून कमानी एकमेकींवर दाबल्या जाऊन नुसता पट्टा झाला. आणि बाईचं डोकं वर सरकून मागच्या काळ्या खोडांत बुडालं. काळे केस, काळं खोड, डोकंच गायब. उभी राहिले तेव्हा थोडं सुधारलं. मग वाटेकडेच्या कट्ट्यावर चढले, जेमतेम दोन फूट. तेवढ्याने कमानी पंख्यासारख्या उलगडल्या, आणि तिचं वाकलेलं डोकं बरोबर उजळ मातीवर आलं, चहूबाजूंनी सुटं. जमिनीवरची नक्षी दाखवायची असेल तर वर चढायचं, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कट्ट्यावर चढताना हातात पर्स ठेवू नका, एवढी टीप माझ्याकडून.

कॅमेऱ्याचा डिस्प्ले त्या दिवसापासून ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवला. डोळे किलकिले करायचं काम कॅमेराच करतो. काय कशात मिसळतंय ते लगेच कळतं. नंतर रंगीत फाइल हवी असेल तर आधी रॉ (रंगांसकट सगळं जपणारी कच्ची फाइल) चालू करा, नाहीतर माझ्यासारखे पंधरा-वीस फोटो काळेपांढरेच राहतील.

११ जानेवारी: ढग. आडवं ऊन नाही म्हणजे रेघांना सावली नाही, म्हणजे कमानीच नाहीत. तीच बाई, तीच वाट, तोच कट्टा, आणि चौकटीत बघण्यासारखं काही नाही. एकही फोटो न काढता घरी आले. काकांकडे कुरकुर केली, तर त्यांनी बागेतल्या संग्रहालयाची गोष्ट ऐकवली. संग्रहालय १८९४चं, पण त्याला जोडलेलं चित्रांचं दालन १९१४ साली बांधून तयार झालं आणि उघडलं १९२१ला, कारण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायची अडली. "सात वर्षं भिंती चित्रांची वाट बघत होत्या," ते म्हणाले. "तुझा पाचवा-सहावा रविवार."

मग उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. १४ आणि १५ जानेवारीला बडोदं गच्चीवर असतं, तेव्हा बागेचा प्रश्नच नव्हता. १८ तारखेला गेले, ऊन स्वच्छ, बाई वेळेवर, मी कट्ट्यावर, आणि मागच्या वडाच्या पारंबीत एक गुलाबी पतंग अडकलेला. फाटका, शेपटीसकट लोंबणारा, आणि इतका गुलाबी की दुसरीकडे बघणंच शक्य नव्हतं. मला तो आधी आवडला. म्हटलं, वा, सणानंतरची सकाळ! दोन फोटो घेतले. स्क्रीनवर पाहिलं तर नजर बाईकडे जातच नव्हती, थेट वर पतंगाकडे. काकांचं वाक्य आठवलं. बाई वाट झाडत मागे सरकते आणि पतंग लोंबतो. हा दुसरा जीव आला. वेगळा फोटो झाला असता तो, कदाचित चांगलाही, पण मग बाई मागे पडली असती.

पतंग नंतर कॉम्प्युटरवर पुसता आला असता. मंडळाच्या नियमात ते बसत नव्हतं, आणि माझ्याही मनाला पटेना. कट्ट्यावरच दोन पावलं डावीकडे सरकले. एका जाड पारंबीने पतंग पूर्ण झाकला. पण त्या दोन पावलांनी उजव्या कडेला पाटीचा खांब आत आला. अर्धं पाऊल परत. पतंगाचं शेपूट दिसायला लागलं. वीतभर पुढे, गुडघे किंचित वाकवून. गेलं शेपूट, गेला खांब. हे लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाई चार हात मागे सरकली होती.

फोटो दाबण्याआधी मी आता एक सवय लावून घेतली आहे: डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून नजर चौकटीच्या कडेकडेने एक प्रदक्षिणा घालते. मधलं माणूस आपल्याला दिसतच असतं, घात कडेलाच होतो. त्या दिवशी प्रदक्षिणेत उजव्या वरच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा एक गडद ढीग सापडला. काढावा की ठेवावा? तो काढला तर फोटो नुसता कमानींचा, सुंदर पण वॉलपेपरसारखा. तो होता म्हणून अजून काम बाकी आहे हे कळत होतं, 'मागे सरकते'ला अर्थ होता. ठेवला.

७ वाजून ४१ मिनिटं, लेन्स ३५ मिलिमीटरवर, तिचं छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ८००. शटर मुद्दाम संथ ठेवलं, म्हणजे बाई स्थिर आणि खराट्याचं टोक तेवढं पुसट. नऊ फोटो मिळाले, मग ट्रॅकसूटवाले आले. घरी नऊही फोटो नखाएवढे लहान करून शेजारी शेजारी लावले. एवढ्या आकारातही वाक्य वाचता आलं असे दोनच निघाले, आणि त्यातल्या एकात खराटा आणि पाऊल यांच्यामध्ये बोटभर उजेड होता. तो घेतला.

पुढचं काम कागदांचं. फाइल लांब बाजूने १९२० पिक्सेल, २ एमबीच्या आत, रंगांची पद्धत एसआरजीबी. फाइलच्या नावात मी देवनागरीत 'झाडलोट' लिहिलं, तर अर्ज २३ तारखेला परत आला. नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता हवं. फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिचं संमतिपत्र. ते मी गुजरातीत लिहून २५ जानेवारीला, आठव्या रविवारी, तिच्याकडे नेलं. तिने ते सगळं वाचलं, बोट फिरवत, दोनदा. मग विचारलं, यात पैसे देण्या-घेण्याचं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, मला काही मिळणार नाही म्हणून लिहिलं नाही. ती म्हणाली, तेच लिही. बरोबर होतं तिचं. एक ओळ वाढवली, तिने सही केली आणि बदल्यात एक प्रिंट मागितली.

प्रिंट १२ बाय १८ इंच. ३ ला २ प्रमाणाचा फोटो या मापात कापाकाप न होता बसतो. मोबाईलवरचे बहुतेक फोटो ४ ला ३ असतात, ते वरून-खालून कापले जातात, तेव्हा आधीच जागा सोडून फोटो काढा. माझी पहिली प्रिंट अंधारी आली, कारण मी स्क्रीन पूर्ण उजळ करून फोटो बघत होते. दुसऱ्यांदा काढली. दोन प्रिंटचे तीनशे, माउंटचे दोनशे ऐंशी, एका फोटोची प्रवेशफी दीडशे. मागे लेबल, पुढे नाव नाही. २९ जानेवारीला पोचतं केलं.

१२ फेब्रुवारीला कळलं, फोटो लावणार आहेत. तीन दिवसांच्या प्रदर्शनात तो जिन्याजवळच्या भिंतीवर होता. काका आले, किलकिल्या डोळ्यांनी बघितलं, म्हणाले "हं," आणि बाकीचे फोटो बघायला गेले.

१५ फेब्रुवारीच्या रविवारी ८ बाय १२ची प्रिंट घेऊन बागेत गेले. बाईने खराटा वडाला टेकवला, हात पदराला पुसले आणि फोटो उन्हाकडे धरला. बराच वेळ बघत होती. कमानींवरून तिचं बोट फिरलं, स्वतःवरून फिरलं, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात, त्या पाचोळ्याच्या ढिगावर येऊन थांबलं.

"आ खूणो तो हजी बाकी छे," ती म्हणाली. "हा कोपरा तर अजून बाकीच आहे. पाच मिनिटं थांबली असतीस तर तोही झाडून काढला असता."